साडेतीन पानांचा मेंढपाळ

रोल साडेतीन पानांचा, आणि त्यातली पहिली दोन पानं मी नुसतं आठवत नाही, माहीत नाही, तो मी नव्हेच असं म्हणत असतो. स्क्रिप्ट हातात आली तेव्हा ती मी मागूनच उघडली, कारण तुमची एंट्री शेवटाकडे आहे एवढंच सांगितलेलं, आणि वाक्यं मोजली तर बावीस. घरी येऊन बायकोला म्हटलं, २२ वाक्यांसाठी दोन महिने रात्री जेवण गार करायचं. ती म्हणाली मागच्या वर्षी चाळीस होती तेव्हा कुठं गरम खाल्लंस.

आमचा ग्रुप सांगलीतला, हौशी. दिवसा प्रत्येकाचं वेगळंच काहीतरी चालू असतं, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, राजा झालेल्या पोराचं मोबाईलचं दुकान, राणी म्हणजे हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या मॅडम, आणि कॉरिंथहून बातमी घेऊन येणारा म्हातारा म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक काका. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच सीता स्वयंवर केलं, तेव्हापासून सांगलीच्या माणसाला आपल्याला नाटकातलं कळतंच असं वाटत आलंय, त्याला इलाज नाही. रात्री नऊनंतर एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. डायरेक्टर पुण्याला नाटक शिकून आलेला, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मी त्याला अरेतुरे करतो, तो मला काका म्हणतो आणि मग काका म्हणतच पार सोलून काढतो. यंदा त्यानं स्पर्धेला सोफोक्लिस या जुन्या ग्रीक नाटककाराचं ईडिपस घ्यायचं ठरवलं.

गोष्ट सगळ्यांना ऐकून माहीत असते पण एकदा सांगतो. थीब्जचा राजा लायस, त्याला डेल्फीच्या देवळातून अपोलो देवाची वाणी कळते की होणाऱ्या मुलाच्या हातून मरशील. मुलगा होतो, तीन दिवसही झाले नसतील तोवर त्याच्या घोट्यांना टोचून पाय जखडायचे आणि डोंगरात टाकून द्यायचं असं ठरतं. ज्याच्याकडे ते काम दिलं तो मेंढपाळ मारत नाही, दुसऱ्या एका मेंढपाळाला देतो, तो पोर कॉरिंथच्या निपुत्रिक राजाराणीकडे पोचवतो. मुलगा मोठा होतो, स्वतः डेल्फीला जातो, तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील असं ऐकतो, आणि ज्यांना आईबाप समजतोय त्यांना वाचवायला कॉरिंथकडे पाठ फिरवून चालायला लागतो. वाटेत तिठ्यावर एका म्हाताऱ्याशी भांडण होतं, त्याला मारतो. पुढं थीब्जला पोचतो, स्फिंक्स नावाच्या राक्षसिणीचं कोडं सोडवतो, बक्षीस म्हणून राज्य मिळतं आणि विधवा राणी योकास्टा, म्हणजे त्याचीच आई. पहिला तो मेंढपाळ, तो मी. दुसरा, पोर कॉरिंथला पोचवणारा, ते बँकेचे काका.

पहिले चार दिवस नुसतं वाचन. पु.लं.नी हे नाटक राजा ओयदिपौस म्हणून मराठीत आणलंय ते माहीत होतं, पण डायरेक्टरला एकदम बोलती भाषा पाहिजे होती म्हणून त्यानं आणि मॅडमनी तीन-चार इंग्रजी भाषांतरं समोर ठेवून घरची संहिता तयार केली होती. तिच्यात नियती हा शब्द सोळा वेळा आला होता. दुसऱ्या दिवशी डायरेक्टरनं पेन घेऊन सोळाच्या सोळा खोडले. म्हणाला नियती म्हटलं की नट आपोआप वर पंख्याकडे बघून बोलायला लागतो. आणि खरं होतं ते, राजा पंख्याकडेच बघत होता.

मग नियतीला काय म्हणायचं यावर दोन रात्री गेल्या. नशीब, दैव, विधिलिखित, भोग, सगळं टाकून बघितलं. शेवटी मॅडमनी काढलं की ग्रीक लोकांचा यासाठीचा जुना शब्द मोइरा, आणि मोइरा म्हणजे मुळात वाटा, हिस्सा, वाटणीत ज्याच्या त्याच्या पदरात पडलेला तुकडा. त्यांच्या तीन देवी असतात, एक सूत कातते, एक मापते, एक तोडते, त्यांचंही नाव तेच. आणि मग म्हणाल्या आपण तरी काय वेगळं म्हणतो हो, भाग्य हा शब्दच भाग वरून आलाय, आणि वाट्याला आलं असं तर दिवसातून दहादा म्हणतो आपण. त्या दिवसापासून संहितेत माझ्या वाट्याला, त्याच्या वाट्याला असंच राहिलं, आणि गंमत म्हणजे राजा पंख्याकडे बघायचा थांबला. वाटा म्हटलं की माणूस स्वतःच्या ताटाकडे बघतो.

बँकेच्या काकांना मात्र मूळ मुद्दाच मान्य नव्हता. त्यांचं म्हणणं, सोपं आहे, प्रारब्ध, मागच्या जन्मी काहीतरी केलं असणार. डायरेक्टर म्हणाला काका या नाटकात मागचा जन्म नाहीये. काका म्हणाले मग बापाचं पाप असेल. आता तशी कथा आहे, लायसनं पेलोप्स राजाचा मुलगा क्रिसिपस याला पळवून नेलं होतं असं सांगतात. आणि सोफोक्लिसच्या आधी एस्किलसनं याच घराण्यावर इ.स.पू. ४६७ मध्ये लागोपाठ तीन नाटकं केली आणि पहिला नंबर घेतला, त्यातलं शेवटचं आज शिल्लक आहे, त्यात डेल्फीनं लायसला तीनदा बजावलेलं असतं की मूल होऊ देऊ नकोस. बापानं ऐकलं नाही, पोरानं भोगलं, हिशेब लागतो. सोफोक्लिसनं नेमका तोच हिशेब काढून टाकलाय. त्याच्या लायसला फक्त कळतं की असं होणार, का होणार ते अख्ख्या नाटकात कुणी सांगत नाही. काका दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले बॅलन्स शीट टॅली होत नाही ही. डायरेक्टर म्हणाला नाहीच होत. काका शेवटच्या प्रयोगापर्यंत ते मनात धरून होते.

शाळेचाच हॉल असल्यामुळे फळा होता. एका रात्री डायरेक्टरनं त्यावर मधोमध रेघ मारली, डावीकडे ईडिपसच्या आयुष्यात काय काय घडलं ते लिहायला सांगितलं आणि उजवीकडे स्टेजवर काय काय घडतं ते. डावी बाजू भरून खाली भिंतीवर जायची वेळ आली, खून, लग्न, चार पोरं, शेवटी रोगाची साथ. उजवीकडे एवढंच होतं की लोक येतात, बोलतात, जातात. राजा झालेला पोरगा बघतच बसला. म्हणाला म्हणजे मी पडदा उघडायच्या आधीच सगळं करून बसलोय? मग नशिबापासून पळतोय कुठं मी? डायरेक्टर म्हणाला पळून झालंय तुझं. नाटक पळण्याचं नाहीच.

हे मला फार उशिरा कळलं असं वाटतं, कॉलेजात असताना कुणीतरी सांगितलेलं की ग्रीक शोकांतिका म्हणजे माणूस नशिबापासून पळतो आणि नशीब त्याला गाठतं, तेच डोक्यात बसलेलं. पण खरं बघायला गेलं तर पाठलाग संपलेला आहे, गाठून झालेलं आहे, आणि तो आपला मजेत राज्य करतोय. पुढचा दीडेक तास एक माणूस लायसला मारलं कुणी हे विचारत सुटलाय आणि बाकीचे त्याला नको विचारूस म्हणतायत, एवढंच आहे. आधी आंधळा भविष्यवेत्ता टायरेसिअस म्हणतो मला घरी जाऊ दे. मग योकास्टा म्हणते माझी शपथ, थांब. आणि तिसरा मी.

डायरेक्टर अजून एक म्हणाला ते माझ्यासाठी महत्त्वाचं होतं. म्हणाला पळणारे तीन आहेत, लायस, ईडिपस आणि काका तुम्ही. मी म्हटलं मी कुठं पळालो. तर संहितेत खरंच आहे, योकास्टा सांगते, तिठ्यावरच्या मारामारीतून एकच नोकर जिवंत परत आला, आणि त्यानं इथं येऊन बघितलं की गादीवर ईडिपस बसलाय, तेव्हा त्यानं तिच्या हाताला हात लावून विनवणी केली की मला लांब रानात पाठवा, जिथून हे शहर दिसणार सुद्धा नाही अशा ठिकाणी. तो नोकर आणि बाळ घेऊन गेलेला मेंढपाळ एकच. म्हणजे बघा, ज्यानं पोर वाचवलं त्यानंच त्या पोराला बापाचा खून करताना बघितलं आणि मग गादीवर बघितलं. राजाला माहीत नाही, राणीला माहीत नाही, ह्या एका माणसाला सगळी वर्षं किती माहीत होतं कोण जाणे, आणि त्याला दिलीत बावीस वाक्यं.

मग मी इरेला पेटलो. रोज रात्री डायरेक्टरला छळायचो. माझा मोठा प्रश्न होता की मी खोटं का बोललो. कारण लायसला दरोडेखोरांनी मारलं, दरोडेखोर, अनेकवचन, असं ह्याच नोकरानं येऊन सांगितलेलं असतं. ईडिपसची सगळी आशा त्या अनेकवचनावर टांगलेली असते, तो म्हणतोसुद्धा की एक म्हणजे अनेक होत नाहीत, तो जर अजूनही अनेक म्हणाला तर मी सुटलो. त्यासाठीच मला रानातून बोलावणं जातं. आणि मी येतो तेव्हा, हे तुम्ही उघडून बघा, हा प्रश्न मला कुणी विचारतच नाही! मधल्या वेळात कॉरिंथचा म्हातारा येऊन वेगळंच काहीतरी बोलून गेलेला असतो आणि राजाला आता खुनाचं नाही, स्वतःच्या जन्माचं पडलेलं असतं. मी अख्खं उत्तर तयार करून ठेवलं होतं, घाबरलो होतो, एकट्यानं सगळ्यांना लोळवलं म्हटलं तर लोक हसतील, तू पळालास कसा म्हणतील, म्हणून टोळी होती म्हटलं. ते उत्तर तसंच खिशात घेऊन मी दरवेळी स्टेजवर गेलो आणि तसंच परत आणलं.

आता तीन किलो तांदळाचं सांगतो.

सोफोक्लिसच्या काळी एका नाटकात बोलणारे नट तीनच, तिसरा त्यानंच वाढवला असं ॲरिस्टॉटल सांगतो, कोरसची, म्हणजे मिळून गाणाऱ्या ताफ्यातली, माणसं बारावरून पंधरा केली ती पण त्यानंच. सगळे पुरुष, सगळ्यांना मुखवटे, एकेक नट तीनतीन पात्रं करणार. आमच्याकडे तेरा माणसं होती त्यामुळे आम्हाला काय फरक पडत नव्हता, पण डायरेक्टरनं एक दिवस फळ्यावर दाखवलं. कॉरिंथचा म्हातारा येतो तेव्हा स्टेजवर ईडिपस, योकास्टा आणि तो, झाले तीन. योकास्टाला कळतं, ती आत निघून जाते. कोरस एक छोटं गाणं म्हणतो, तेही खुशीतलं, की आपला राजा बहुतेक एखाद्या देवाचाच पोरगा असणार, पॅनचा की अपोलोचा की हर्मीसचा. आणि लगेच मेंढपाळाला आणतात, ईडिपस आणि कॉरिंथवाला अजून तिथंच उभे. मग मेंढपाळ कोण झाला असेल? एकच नट मोकळा आहे. योकास्टा झालेला. तो आत जाऊन मुखवटा बदलतो आणि मेंढपाळ होऊन बाहेर येतो.

मी आणि मॅडम एकमेकांकडे बघितलं. कारण माझ्या पानांवर तेच आहे. तिनं दिलं का तुला? होय मालक. कशासाठी? संपवण्यासाठी. स्वतःचं मूल? भाकिताला भ्यायली. पोर ज्या हातातून सुटलं आणि ज्या हातात आलं ते दोन्ही हात एकाच माणसाचे, निदान त्या पहिल्या प्रयोगाला, आणि बघणाऱ्याला मुखवट्याच्या आतून आवाज ओळखू येत असेल नसेल.

डायरेक्टर म्हणाला उद्या येताना तीन किलो तांदूळ आणा. मी घरून आणला, कापडी पिशवीत घालून शालीत गुंडाळला. हॉलमध्ये लाईट बंद करून एकच ट्यूब ठेवली आणि नाटकात नसलेला सीन करायला लावला, मॅडमनी मला बाळ द्यायचं, बोलायचं नाही. मला हसू येत होतं. मॅडमना पण. मग त्यांनी दिलं. देताना त्यांनी शालीचं टोक उघडं पडलं होतं ते आत खोचलं, थंडी वाजू नये म्हणून खोचतात ना तसं, मारायला देतोय त्याला थंडी वाजू नये म्हणून. ते त्यांनी ठरवून केलं नव्हतं, नंतर विचारलं तर त्यांना आठवतही नव्हतं. मग डायरेक्टर म्हणाला आता चालत राहा. मी हॉलमध्ये गोल चालत राहिलो. पाच मिनिटं काही वाटत नाही, दहा मिनिटांनी हात बदलावा वाटतो, वीस मिनिटांनी ते खांद्यावर घेतलं मी आणि हात आपोआप थोपटायला लागला, तांदळाला. कुणी हसलं नाही.

तरी माझं काम होत नव्हतं. भीत भीत बोलत होतो, मार खायला घाबरणारा म्हातारा. डायरेक्टर म्हणायचा त्याला मार खायचं भ्या नाहीये हो. मग एक दिवस तो वडिलांचा शुगरचा रिपोर्ट न्यायला आमच्या लॅबवर आला. आमचं काम म्हणजे बघा, ब्लडचा स्मिअर मायक्रोस्कोपखाली घातला की कधी कधी आम्हाला आधी दिसतं. साधा अशक्तपणा म्हणून आलेलं सँपल असतं आणि खाली बघावं तर नको त्या पेशी दिसतात. सही मोठे डॉक्टर करणार, सांगणार ते, आम्ही काही बोलायचं नसतं, आणि काउंटरवर माणूस पावती धरून उभा असतो आणि विचारतो काही विशेष नाही ना? तेव्हा आम्ही म्हणतो सहा वाजता या, डॉक्टर सांगतील. पावतीकडे बघून म्हणायचं, तोंडाकडे बघायचं नाही. त्या दिवशी तसं झालं, आणि डायरेक्टर बाकावर बसलेला होता. रात्री तालमीला म्हणाला, काका दुपारी काउंटरवर जो आवाज होता तो द्या.

मला आवडलं नाही ते. चार दिवस मी दिला नाही. कामाच्या ठिकाणचं इकडं आणायचं नाही असं माझं आपलं एक आहे. पण त्या साडेतीन पानांत एक जागा येते, मेंढपाळ म्हणतो, आता जे सांगायचं ते भयंकर आहे मालक, मी त्याच्या काठाला आलोय. राजा म्हणतो, आणि मी ऐकण्याच्या, पण ऐकायला पाहिजे. पाचव्या दिवशी तिथं आलो आणि मान खाली गेली, पावती नसताना. डायरेक्टर काही बोलला नाही, पुढं चला एवढंच म्हणाला.

पाठांतर घरी आईसमोर चालायचं. ती अंगणात उन्हाला बसून मेथी निवडत होती आणि मी वाक्यं म्हणत होतो. राजा विचारतो मग दिलंस कशाला त्या म्हाताऱ्याला, आणि माझं उत्तर, मला दया आली मालक. आई मेथीतून वर न बघता म्हणाली, असं कोण बोलतंय रं? मेंढरं राखणारा माणूस, जीव झाला न्हाई म्हण की. मॅडमना फोन करून विचारलं तर त्या म्हणाल्या आम्ही आठ दिवस दया का करुणा का कीव यावर भांडतोय, हेच ठेवा. मारायला जीव झाला नाही मालक. वाटलं तो परमुलखात घेऊन जाईल, पोर जगेल कुठंतरी.

मग आईनं विचारलं गोष्ट काय हाय तुमची. सांगितली. मला जरा संकोच वाटत होता सांगताना, आई आणि पोराचं लग्न वगैरे, तिला काहीच वाटलं नाही. म्हणाली ही तर सटवाईच्या लेकीची. पाचवी पुजतात तेव्हा सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते हे आपल्याला माहीत असतं, पण सटवाईला लेक होती हे मला पन्नाशीत कळलं. तर ती लेक आईला विचारते, रोज रात्रीची जातीस कुठं? पोरांच्या कपाळी लिहायला. मग माझ्या कपाळी काय लिहिलंयस? आई टाळते, लेक हटून बसते, शेवटी आई सांगते की तुझं लगीन तुझ्याच पोटच्या पोराशी लागंल. लेक रानात जाऊन राहते, पुरुषाचं तोंड बघायचं नाही म्हणून. तरी तिला दिवस जातात, कसं ते इचारू नगं म्हणाली आई, गोष्टीत जात्यात. पोर होतं, ती ते लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते, कुणीतरी उचलतं, वाढवतं. पुढं वर्षांनी त्या रानातल्या बाईचं लग्न लागतं आणि सासरी तिला तो लुगड्याचा तुकडा सापडतो.

मी म्हटलं मग?

मग काय. कळलं तिला. गप बसली, संसार केला.

कुणाला सांगितलं नाही?

कुणाला सांगायचं? मेथी संपली होती, ती उठून आत गेली.

मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी दुसरंच आणून दाखवलं, इरावती कर्व्यांनी अशीच एक मराठी गोष्ट १९५० साली ‘मॅन’ नावाच्या विलायती नियतकालिकात इंग्रजीतून छापली होती, ईडिपसच्या कथेचं मराठी रूप म्हणून. मॅडम त्या आठवड्यात योकास्टा वेगळी करायला लागल्या. त्यांचं म्हणणं पडलं की योकास्टाला नवऱ्याच्या आधी कळलेलं आहे, आणि तिला गप्प बसून निभावून न्यायचंय, सटवाईच्या लेकीसारखं. ती त्याला म्हणते तू कोण आहेस ते तुला कधीच न कळो. तो ऐकत नाही म्हणून ती जाते.

आणि शेवटी ईडिपस स्वतःचे डोळे फोडून घेतो, हे सुद्धा लिहून ठेवलेलं होतं असं म्हणता येत नाही, हा माझा आणि काकांचा वाद अजून चालू आहे. डेल्फीनं सांगितलं होतं दोनच गोष्टी, बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. डोळे फोडशील असं कुठं आहे? ओडिसीच्या अकराव्या भागात हीच कथा दहाएक ओळींत येते, राणीचं नाव तिथं एपिकास्टा, ती फास लावून घेते, पण ईडिपस थीब्जमध्ये राज्य करत राहतो, दुःखात, पण राजाच. म्हणजे तसाही शेवट होता. सोफोक्लिसचा ईडिपस डोळे फोडून बाहेर येतो आणि म्हणतो हे अपोलोनं केलं, अपोलोनं, पण डोळ्यावर पडलेला हात माझा, दुसऱ्या कुणाचा नाही. आमचा मोबाईलवाला पोरगा ते वाक्य म्हणताना पहिला हात पुढं करायचा, जसं काय दाखवतोय की हा बघा. कुणी शिकवलं नव्हतं त्याला.

प्रयोगाचं थोडक्यात सांगतो. दाढी क्रेपची, खाजत होती. घोंगडं मात्र खरं, आईच्या माहेरचं. काकांनी कॉरिंथच्या म्हाताऱ्याला असा काय खुशीत रंगवला की टाळी पडली, बोनस वाटायला आल्यासारखे आले, तुमचा बाप वारला पण काळजी नको, तो तुमचा बाप नव्हताच! ॲरिस्टॉटलनं हाच दाखला दिलाय, भीती घालवायला आलेला माणूस नेमकं उलटं करून जातो. मग मला ओढत आणलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात टाकून, आठवतं का रे, किथायरॉन डोंगरावर तीन वर्षं, वसंतापासून सहा सहा महिने, तुझे दोन कळप माझा एक, आणि ते पोर दिलेलंस ते, अरे हा बघ तोच! त्यावर माझं वाक्य आहे, मर मेल्या, गप बस की. ते असं निघालं तोंडातून की काका खरोखर एक पाऊल मागं सरकले.

मग राजा सांगतो याचे हात मागं बांधा. कोरसमधल्या पोरानं तालमीत हळू धरला होता, त्या दिवशी भरात येऊन खराच पिरगाळला. कळ गेली पार मानेपर्यंत आणि पुढचं वाक्य गेलं. किती वेळ गेलं माहीत नाही, विंगेतून प्रॉम्प्टर कुजबुजत होता ते ऐकू येत होतं पण शब्द लागत नव्हते. थिएटरमध्ये एकदम शांत. राजानं सांभाळून घेतलं, त्यानं तोच प्रश्न परत विचारला, हळू, मग दिलंस कशाला त्याला. आणि मी म्हटलं जीव झाला नाही मालक.

आत आलो तर विंगेत मॅडम, म्हणजे आत जाऊन फास लावून घेतलेली योकास्टा, ट्रंकेवर बसून कागदी कपात चहा पीत होत्या. बाहेर दूत तिच्या मरणाचं सांगत होता. त्यांनी अर्धा कप मला दिला.

निकालात आमच्या वाट्याला प्रकाशयोजनेचं उत्तेजनार्थ आलं, बाकी काही नाही. डायरेक्टर दोन दिवस तोंड पाडून होता. मग मॅडमनी सांगितलं की सोफोक्लिसला सुद्धा या नाटकाला पहिला नंबर नव्हता मिळाला, दुसरा मिळाला, पहिला एस्किलसचा भाचा फिलोक्लिस घेऊन गेला, आणि त्याचं ते नाटक आज कुठं शिल्लक पण नाही. काका म्हणाले तेही टॅली होत नाही.

प्रयोगाला आई आली होती, दुसऱ्या रांगेत बसलेली. रात्री रिक्षानं घरी निघालो. खांदा दुखत होता, मी चोळत होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही, आयर्विन पूल गेल्यावर म्हणाली, तू गप बसायचं हुतंस.

मी म्हटलं अगं तो हात पिरगाळत होता माझा.

पिरगाळू दे की, म्हणाली. एक हात मोडला असता.

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता.